एका एका कणाचा हिशोब : उर्बसी सिन्हा आणि क्वांटम संदेशवहन

(वांगणी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतले निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



बदलापूरच्या पुढे गाडी रिकामी होते, असं म्हणायचे दिवस आता गेले. आज आम्ही वांगणीपर्यंत उभ्यानेच आलो. तरी स्टेशनाबाहेर पडल्यावर वर बघितलं आणि बरं वाटलं. मुंबईत जेवढे तारे दिसतात त्याच्यापेक्षा इथे अजूनही पुष्कळ दिसतात. खगोल मंडळासारख्या संस्था कितीतरी वर्षं रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी माणसांना वांगणीला आणत आल्या, ते उगाच नाही.

वांगणीची दुसरी ओळख म्हणजे इथे मोठ्या संख्येने राहणारी अंध कुटुंबं. त्यांच्यातले बरेच जण आज समोर बसले आहेत. म्हणून आज पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, एकही चित्र नाही. सगळ्यांच्या हातात एक फूटपट्टी आणि मध्ये लांब फट पाडलेला एक जाड पुठ्ठा दिला आहे, तेवढ्यावर काम भागवायचं. हे व्याख्यान नंतर घरी वाचणाऱ्यांनीही एक पट्टी जवळ घेऊन बसावं. विषय हाताला कळला की डोक्यालाही कळतो.

आज आपण बोलणार आहोत डॉ. उर्बसी सिन्हा यांच्याबद्दल. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत त्या भौतिकशास्त्रज्ञ आहेत. काळंकुट्ट आकाश त्यांनाही हवं असतं, पण तारे बघायला नव्हे. उपग्रहावरून आलेला प्रकाशाचा एक कण, मोजून एकच, जमिनीवर पकडता यावा म्हणून.

हे आपल्याला कशाला हवं?

भाजीवाल्याला पैसे देताना आपण फोन पुढे करतो. तो व्यवहार वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून त्याला कुलूप लागतं. इंटरनेटवरच्या बहुतेक कुलपांमागे गणितातली एक सोपी गोष्ट असते: एक काम एका बाजूने सोपं आणि उलट बाजूने फार अवघड. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. पण नुसता गुणाकार हातात दिला आणि मूळच्या दोन संख्या शोध म्हटलं, तर आजचा सर्वांत ताकदवान संगणकही हात टेकतो. आपले पैसे त्या अवघडपणाच्या भरवशावर आहेत.

१९९४ मध्ये पीटर शोर या गणितज्ञाने दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाला तर हे उलटं काम अवघड राहणार नाही. असा संगणक आज कुणाकडे नाही. पण काळजी आजपासूनच करावी लागते. कारण चोर आज कुलूपबंद माहिती नुसती साठवून ठेवू शकतो आणि पुढे कधीतरी उघडू शकतो. पैशाचा व्यवहार दहा वर्षांनी शिळा होतो. पण दवाखान्यातल्या नोंदी, लष्कराचे नकाशे, बोटांचे ठसे शिळे होत नाहीत.

मग असं कुलूप हवं, की ज्याची सुरक्षितता गणिताच्या अवघडपणावर नाही, तर निसर्गाच्या नियमावर उभी असेल. त्यालाच क्वांटम संदेशवहन म्हणतात.

पट्टीचा खेळ

आता पट्टी हातात घ्या. प्रकाश हा कणांनी बनलेला आहे, त्या कणाला फोटॉन म्हणतात. प्रत्येक फोटॉनला एक कल असतो, त्याला ध्रुवीकरण म्हणतात. तो कल आपण पट्टीने दाखवू.

पट्टी उभी धरा. हा झाला १. आडवी धरा, हा झाला ०. ही झाली सरळ भाषा. आता पट्टी उजवीकडे तिरकी धरा, हाही १. डावीकडे तिरकी धरा, हा ०. ही झाली तिरकी भाषा.

आता पुठ्ठ्याची फट उभी धरा. उभी पट्टी आरपार जाते, आडवी अडकते. म्हणजे सरळ भाषेत पाठवलेलं सरळ फटीने बरोबर ओळखलं. (यंत्रात आडवा फोटॉन वाया जात नाही, तो दुसऱ्या वाटेने मोजला जातो.) आता तिरकी पट्टी उभ्या फटीत घालून बघा. अडकते. इथे मात्र पट्टी आणि फोटॉन यांची वाट वेगळी होते. फोटॉन अर्धवट अडकत नाही. तो एकतर पूर्ण जातो, नाहीतर जात नाही; शंभरातले साधारण पन्नास जातात. कोणता जाणार हे आधी कुणालाही सांगता येत नाही. आणि पलीकडे निघालेला फोटॉन आता तिरका राहिलेला नसतो, तो उभा झालेला असतो. चुकीच्या भाषेत विचारलं, की उत्तर बिनभरवशाचं मिळतं आणि मूळचा कलही पुसला जातो.

आता समजा, सुनीता आहे बदलापूरला आणि विजय आहे नेरळला. दोघांना एक गुप्त किल्ली तयार करायची आहे, म्हणजे फक्त दोघांनाच माहीत असलेली ०-१ ची लांब ओळ. मध्ये वांगणीला चोर बसला आहे. हसू नका, नकाशाच तसा आहे.

सुनीता प्रत्येक फोटॉनसाठी दोनदा नाणं उडवते: एकदा ० की १ ठरवायला, एकदा भाषा सरळ की तिरकी हे ठरवायला. तसा फोटॉन पाठवते. विजयला तिची भाषा माहीत नाही. तोही नाणं उडवून फट सरळ किंवा तिरकी धरतो आणि आलेलं उत्तर लिहून ठेवतो. सगळं पाठवून झाल्यावर दोघे साध्या फोनवर बोलतात, कुणी ऐकलं तरी चालेल असं. बोलायचं फक्त भाषेबद्दल: पहिल्याला मी सरळ, तू? मी तिरकी. मग तो सोडून दे. दुसऱ्याला मी तिरकी, तू? मीही. ठेव. अशा रीतीने निम्मे सुटतात, निम्मे राहतात. राहिलेल्यांत दोघांचे आकडे जुळायलाच हवेत.

आता वांगणीच्या चोराचं काय होतं बघा. त्यालाही भाषा माहीत नाही. निम्म्या वेळा तो चुकीची फट धरणार आणि त्या फोटॉनचा कल बदलून बसणार. मग तो बदललेला फोटॉन पुढे नेरळला पाठवणार. त्यातल्या निम्म्या वेळी विजयचं उत्तर सुनीताशी जुळणार नाही. निम्म्याचे निम्मे म्हणजे शंभरात पंचवीस. सुनीता आणि विजय राहिलेल्या आकड्यांतले थोडे उघड करून ताडून बघतात. यंत्रांमुळे थोड्या चुका नेहमीच येतात, पण शंभरात पंचवीस चुकले म्हणजे मध्ये कुणीतरी बसलंय. ती किल्ली फेकून द्यायची. मुख्य निरोप अजून पाठवलेलाच नाही, त्यामुळे गेलं काहीच नाही.

चोराने फोटॉनची नक्कल काढून ठेवली तर? तेही जमत नाही. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल निघू शकत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालं आहे.

मात्र एक अट आहे, ती नीट लक्षात ठेवा. सुनीताच्या यंत्रातून एका वेळी एकच फोटॉन निघाला पाहिजे. चुकून दोन जुळे निघाले, तर चोर एक ठेवून घेईल, एक पुढे सोडेल आणि कुणाला पत्ता लागणार नाही. म्हणजे सगळी मदार आली एकेक कण वेगळा काढण्यावर आणि एकेक कण मोजण्यावर. उर्बसी सिन्हा यांची कारकीर्द समजून घ्यायची तर हीच तिची किल्ली आहे.

बेंगळुरू, १९८४

हा पट्टीचा खेळ चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार या दोघांचा. बेनेट आयबीएमचे, ब्रासार मॉन्ट्रियलचे. त्यांनी हा निबंध मांडला तो डिसेंबर १९८४ मध्ये, आपल्या बेंगळुरूत, संगणक आणि संदेशप्रणालींवरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत. म्हणून या पद्धतीला बीबी८४ म्हणतात: दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं आणि साल. पुढे १९८९ मध्ये त्यांनी पहिलं यंत्र चालवलं, तेव्हा सुनीता आणि विजय यांच्यातलं अंतर होतं साधारण एक फूट. तुमच्या हातातल्या पट्टीएवढं.

कल्पना भारतात जगापुढे आली, पण हे काम प्रत्यक्ष करायला लागणारी प्रयोगशाळा भारतात उभी राहायला बराच काळ गेला. अशा पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी एक त्याच बेंगळुरूत उभी राहिली, सिन्हा यांची.

तीन फटी आणि तिघी जावा

सिन्हा यांनी पीएचडी केली केंब्रिजला, अतिवाहक पदार्थांवर. म्हणजे ज्यांच्यातून वीज विनाअडथळा वाहते असे पदार्थ. फोटॉनशी त्याचा थेट संबंध नाही. पुढे त्या कॅनडातल्या वॉटर्लू इथल्या क्वांटम कॉम्प्युटिंग संस्थेत गेल्या आणि तिथे विषय बदलला. आपल्याकडे विषय बदलला की वर्षं वाया गेली असं म्हणतात. पण नाजूक मोजमाप करायची सवय विषयाबरोबर मागे राहत नाही, ती माणसाबरोबर पुढे जाते.

तिथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न असा होता, की त्याचा बाजारात कुणालाही उपयोग नव्हता. १९२६ मध्ये माक्स बॉर्न यांनी क्वांटम भौतिकीतला एक नियम सांगितला. कण कुठे सापडण्याची शक्यता किती, हे काढायचा तो नियम. सगळं क्वांटम गणित त्यावर चालतं. त्यातून एक गोष्ट निघते: प्रकाशाच्या वाटा एकमेकींवर परिणाम करतात, पण फक्त जोडीजोडीने.

घरातलं उदाहरण घेऊ. एका घरात तिघी जावा आहेत. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी, अशा तीन जोड्यांचे खटके आपण वेगवेगळे मोजले. मग तिघी एका स्वयंपाकघरात आल्यावर एकूण किती खटके उडतील हे या तीन आकड्यांवरून सांगता येईल का? घरात नाही येणार. तिघी एकत्र आल्या की एक चौथंच प्रकरण निघतं. बॉर्न यांचा नियम म्हणतो, निसर्गात असं चौथं प्रकरण नाही. तीन फटींतून जाणाऱ्या प्रकाशाचा हिशोब जोड्यांच्या हिशोबातच पूर्ण होतो.

सगळे जण हा नियम वापरत होते. पण तीन फटींवर तो थेट तपासला होता का? सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला. अगदी बारीक तीन फटी घेतल्या आणि त्या उघड्या-बंद करण्याच्या आठही तऱ्हा मोजल्या: तिन्ही उघड्या, दोन-दोन उघड्या, एक-एक उघडी आणि सगळ्या बंद. सगळ्या बंद असतानाही मोजायचं, कारण यंत्राच्या स्वतःच्या चुका कळायला हव्यात. एकेका फोटॉननेही हा प्रयोग केला. निष्कर्ष २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला: तिघींचं वेगळं प्रकरण असलंच, तर ते जोडीच्या परिणामाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी आहे. नियम टिकला.

कुणी म्हणेल, एवढं करून मिळालं काय? नियम बरोबर होता हेच ना? मंडळी, पुलावरून गाडी रोज जाते म्हणून पुलाची तपासणी करायची नाही, असं आपण म्हणत नाही.

शिवाय गोष्ट तिथे संपली नाही. २०१२च्या सुमारास सिन्हा रामन संशोधन संस्थेत आल्या. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवलं, की एका फटीतून जाऊन दुसरीतून परत येऊन तिसरीतून बाहेर पडणाऱ्या वळणावळणाच्या वाटाही हिशोबात धरल्या, तर अगदी छोटा फरक निघायलाच हवा. हा फरक बॉर्न यांचा नियम मोडत नाही. आपण पुस्तकात वाटा जोडताना जो सोपा हिशोब धरतो, तो किती अपुरा आहे एवढं तो सांगतो. २०१४ मध्ये हे गणित प्रसिद्ध झालं आणि २०१८ मध्ये त्यांच्या गटाने मायक्रोवेव्ह लहरी वापरून तो फरक मोजून दाखवला.

प्रयोगाच्या टेबलावरून आकाशाकडे

आता दोन धागे जोडू. तीन फटींच्या प्रयोगासाठी काय लागलं? एकेक फोटॉन तयार करणं, एकेक मोजणं, यंत्राची चूक वेगळी काढणं. आणि पट्टीच्या खेळात चोराला पकडायला काय लागतं? नेमकं हेच. त्यामुळे २०१७ मध्ये इस्रोच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राबरोबर उपग्रहाद्वारे क्वांटम संदेशवहनाचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तो सिन्हा यांच्या प्रयोगशाळेकडे आला हे साहजिकच होतं. प्रकल्पाचं नाव क्वेस्ट.

उपग्रह कशाला, जमिनीखालची केबल का नको? याचा हिशोब सोपा आहे. चांगल्या काचतंतूतूनही प्रकाश थोडा थोडा मरतो. शंभर किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन पोहोचतो. दोनशेवर दहा हजारातला एक. पाचशेवर एक हजार कोटीतला एक. साध्या इंटरनेटमध्ये वाटेत यंत्रं बसवून संदेश पुन्हा ठळक करतात. इथे ते चालत नाही, कारण ठळक करणं म्हणजे नक्कल काढणं आणि नक्कल तर निघत नाही. उलट आकाशाकडे बघा: दाट हवेचा थर काही किलोमीटरचाच आहे, त्याच्या वर जवळपास पोकळी. म्हणून लांबच्या पल्ल्याला आकाशाची वाट जवळची पडते. चीनने २०१६ मध्ये सोडलेल्या मिशियस उपग्रहाने, पुढच्याच वर्षी बाराशे किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी जोडीचे फोटॉन पोहोचवून हे करून दाखवलं.

सिन्हा यांच्या गटाने पायरी पायरीने काम केलं. आधी संगणकावर एक आराखडा बनवला. खऱ्या यंत्रातल्या त्रुटींसकट अख्खा प्रयोग त्यात आधीच करून बघता येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेच्या आवारातल्या दोन इमारतींमध्ये, पन्नास मीटरवर, मोकळ्या हवेतून किल्ली पाठवली. त्याच वर्षी मार्चमध्ये इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने तीनशे मीटरवर असा प्रयोग केला. एकाच देशात दोन गट दोन वाटांनी चालले होते.

२०२३ मध्ये सिन्हा यांच्या गटाने पुढची पायरी गाठली. पाठवणारा स्थिर, पण घेणारा चालता. दुर्बिणीतून चंद्र बघताना तो हळूहळू सरकून बाहेर जातो, हे आकाशदर्शनाला येणाऱ्यांना माहीत आहे. उपग्रह तर त्याच्या कितीतरी पट वेगाने सरकतो, काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. तेवढ्या वेळात नेम धरायचा, तो सुटू द्यायचा नाही आणि एकेक कण झेलायचा. चालत्या यंत्रावर नेम राखणं जमिनीवर जमलं, तरच आकाशात जमणार.

मग प्रश्न येतो जागेचा. जमिनीवरचं केंद्र कुठे असावं? तारे बघणाऱ्यांना हवं तेच उत्तर: हवा कोरडी, ढग कमी, रात्र काळी. कारण गावातल्या दिव्यांचा उजेड म्हणजे अब्जावधी परके फोटॉन, आणि आपल्याला शोधायचाय त्यांतला एक. सिन्हा यांच्या गटाने लडाखमधलं हानले, राजस्थानातलं माउंट अबू आणि उत्तराखंडातलं नैनिताल, या तीन वेधशाळांच्या जागा ताडून बघितल्या. २०२४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की सर्वांत सरस हानले. वांगणीकरांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या आकाशाचा काळेपणा दरवर्षी थोडा थोडा कमी होताना तुम्ही बघता आहात.

याच हिशोबातलं आणखी एक काम आहे. सुनीता आणि विजय नाणं उडवतात म्हटलं, ते नाणं खरंच बेभरवशाचं हवं. संगणक देतो ते आकडे वरवर बेभरवशाचे असतात, आत सूत्र असतं; ते सूत्र सापडलं की चोराचं फावलं. सिन्हा यांच्या गटाने २०२४ मध्ये एकेक फोटॉन वापरून ९ लाखांहून अधिक असे ०-१ तयार केले, की ते आधी सांगता येणं शक्य नाही, याची खात्री प्रयोगातूनच मिळते.

राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ६,००३.६५ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. देशात दोन हजार किलोमीटरवरच्या जमिनीवरील केंद्रांमध्ये उपग्रहाद्वारे सुरक्षित क्वांटम संदेशवहन हे त्यातलं एक उद्दिष्ट आहे. संदेशवहनाचं मुख्य केंद्र आयआयटी मद्रासकडे आहे, आणि आपल्या आयआयटी मुंबईकडे आहे क्वांटम संवेदकांचं.

रामन यांचं दार

आता एक जुनी गोष्ट, आपल्या मुंबईची. १९३३ मध्ये कमला भागवत नावाची मुलगी मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली, पहिली आली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिने अर्ज केला. तेव्हा तिथले संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण गुण नव्हे, ती मुलगी आहे हे. कमलाबाई बेंगळुरूला जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर, एक वर्ष पारखून बघू म्हणून. वर्षभराचं काम बघितल्यावर रामन यांचं मत बदललं आणि संस्थेत मुलींना वाट मोकळी झाली. त्याच पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी, विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. नीरेवरचं त्यांचं काम आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचं संचालकपद पुष्कळांना माहीत असेल.

१९४८ मध्ये रामन यांनी स्वतःची संशोधन संस्था काढली. त्याच संस्थेत आज केंब्रिजहून पीएचडी केलेली दुसरी एक स्त्री प्रयोगशाळा चालवते. काळ बदलला, एवढंच म्हणून आम्ही थांबत नाही. कमलाबाईंना त्या वर्षी परत पाठवलं असतं, तर काय गेलं हे कुणाला कळलंसुद्धा नसतं. न झालेल्या कामाची नोंद कुठेच होत नाही. दार लावून घेणाऱ्याला तोटा दिसत नाही, म्हणून तर दारं इतकी वर्षं लावलेली राहतात.

पुण्याच्या डॉ. रोहिणी गोडबोले, मोठ्या कणभौतिकशास्त्रज्ञ, यांनी राम रामस्वामी यांच्याबरोबर २००८ मध्ये भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्यांचं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक संपादित केलं, ते याच जाणिवेतून. पुढच्या मुलीला आपल्याआधी कोण कोण गेलं हे माहीत असावं.

सिन्हा यांच्या कारकिर्दीतून आम्हाला दिसतं ते थोडक्यात असं. उपयोग आधी विचारला असता तर तीन फटींचा प्रयोग झाला नसता. तो झाला नसता, तर एकेक कण मोजायचा सराव असलेले हात, उपग्रहाचं काम आलं तेव्हा शोधूनही सापडले नसते. म्हणून मुलीने एखादा बिनकामाचा वाटणारा प्रश्न धरून ठेवला, तर तिला दोन-चार वर्षं तो धरू द्या.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : मग उद्यापासून फोनवरची फसवणूक थांबणार का?

नाही. ही यंत्रं महाग आहेत आणि सध्या तरी मोठ्या संस्थांसाठी आहेत. फोनसाठी दुसरा मार्ग आहे: क्वांटम संगणकालाही अवघड जाईल अशी नवी गणिती कुलपं. त्यांची पहिली मानकं अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली. क्वांटम किल्लीवरही सगळे तज्ज्ञ एकमताचे नाहीत. पलीकडे बोलणारा खरंच विजयच आहे ना, हे ती किल्ली एकटी सांगू शकत नाही, आणि यंत्रातल्या उणिवांवर हल्ले होऊ शकतात. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था आपल्या यंत्रणांसाठी तिची शिफारस करत नाही. आणि तुम्ही स्वतःच ओटीपी सांगितलात, तर कुठलंच कुलूप कामाचं नाही.

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, भौतिकशास्त्रच म्हणते. घरातले म्हणतात इंजिनीअरिंग कर. काय करावं?

ताई, वाट आहे, हे आधी घरच्यांना सांगा. पुण्याला आयसर आहे, मुंबईत कालिनाला मूलभूत विज्ञानाचं उत्कृष्टता केंद्र आहे. दोन्हीकडे बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा वेगवेगळ्या. साधी बीएस्सी करून पुढे जॅम परीक्षेने आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. एमएस्सीच्या पहिल्या वर्षातल्या मुलींसाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 'विज्ञान विदुषी' नावाचा उन्हाळी वर्ग भौतिकशास्त्रातच घेतं. फॉर्म भरायच्या तारखा मात्र आधीपासून बघून ठेवा, संधी जाते ती बहुतेक वेळा तिथेच.

प्रश्न : मला दिसत नाही. असल्या प्रयोगशाळेत माझं काय काम?

तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. एकटा फोटॉन त्या प्रयोगशाळेत कुणालाच बघता येत नाही. तो शोधकावर आदळला की विजेचा एक ठोका उमटतो आणि मोजणीत एक वाढतो. तो ठोका पडद्यावर आकडा म्हणून दाखवता येतो, तसाच टक्कन आवाज म्हणूनही ऐकवता येतो. आरसे जुळवण्याच्या कामात अडचण येईल, ती नाही म्हणणार नाही. पण मिळालेल्या लाखो आकड्यांचं विश्लेषण, आराखडे लिहिणं, सिद्धान्त मांडणं ही अर्ध्याहून अधिक कामं डोळ्यांवर अवलंबून नाहीत. आज पट्टीचा खेळ या सभागृहात सगळ्यांत आधी तुमच्या ओळीत जमला, ते आम्ही बघत होतो.

वेळ संपली. पट्ट्या घेऊन जा, घरी मुलांना खेळ शिकवा. बाहेर आकाश मोकळं आहे. जाताना एकच विनंती: घराबाहेरचा दिवा वर आकाशाकडे असेल, तर तो खाली जमिनीकडे वळवा. उजेड हवा तिथे पडेल आणि वांगणीची रात्र थोडी काळी राहील.